थैलीचं तोंड

रिठद, ११ फेब्रुवारी

तीर्थरूप चतुराताईस,

रिठदहून जगदेवचा दंडवत.

फोन तू उचलत नाहीस. परवा उचललास तर "कोन?" म्हणालीस आणि ठेवून दिलास, जसं काही तुला ताई म्हणणारे दहा-बारा भाऊ आहेत. म्हणून हे पत्र. फोन एका बोटानं कापता येतो, पत्र निदान फाडावं तरी लागतं, आणि तू काही न वाचता फाडणाऱ्यातली नाहीस. किराणा बांधून आलेला कागदसुद्धा तू वाचून मगच चुलीत घालतेस.

साक्षगंधाच्या दिवशी मी पंगतीतून उठलो, हे खरं. व्याह्यांच्या शेजारी माझा पाट, समोर तू स्वतः वाढलेली पुरणपोळी, तिच्यावरचं तूप अजून पसरत होतं, आणि नवरीचा मामा घास न घेता उठला आणि चपला घालून चालता झाला. आपल्याकडं याचा अर्थ एकच लागतो, हे मला कळतं. त्यात मी तुझ्या योगिनीसाठी माझ्याच बायकोच्या, रेणूच्या भाच्याचं स्थळ आणलेलं, तुम्ही ते नाकारलेलं. म्हणजे चार लोकांना बोलायला विषय आयताच मिळाला. पण ताई, देवाशप्पथ सांगतो, तुम्ही निवडलेला पवन पोरगा मला आवडला आहे. रेणूचा भाचा तसाही घोरतो. मी त्याच्यासोबत एकदा अकोल्याला मुक्काम केला होता, मला माहीत आहे.

मी उठलो कारण बसच्या धक्क्यांनी पोट बिघडलं होतं. बाकी काही नाही. तुझ्या घरामागं पाहुण्या बायांची रांग होती, मग सरळ घरचा रस्ता धरला.

आता लग्नाचं. नवरीच्या मागं मामा उभा राहतो, ही रीत मला तू सांगायची गरज नाही. पण हल्ली माझे गुडघे दुखतात. मंगलाष्टकं किती लांबतील याचा काही नेम नसतो. तर मामा म्हणून उकंडाला उभा कर. चुलतभाऊ असला तरी भाऊच आहे, अंगानं भरला आहे, फोटोत चांगला दिसेल. मी येईन, अक्षता टाकीन आणि मागच्या मागं निघेन.

हळद काढायला सुरुवात झाली आहे. योगिनीच्या अंगाला लावायची हळद आपल्याच शेतातली राहील, तेवढं तरी नाही म्हणू नकोस. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
जगदेव


रिठद, २६ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. एवढं मोठं कार्ड आणि त्यात दोनच ओळी. "गुडघे दुखत असतीन तं खुर्ची टाकू. मन दुखत असंन तं तसं लिव."

मी ते रेणूला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "माह्या नवऱ्याचे गुडघे आन् पोट एकाच जागी हायेत, असं लिवून द्या तुमच्या बहिनीले." मग रुसून बसली. तुम्ही दोघी एकमेकींशी नीट बोलत नाही आणि माझ्याविरुद्ध मात्र एक होता.

तर आता खरं लिहितो. भाऊजींना वाचायला देऊ नको. दिलंस तरी चालेल म्हणा, पण तू आधी वाच.

नागपूरला माझं मोठं आतडं काढलं, तेव्हा तू होतीसच. आतड्यातल्या जखमांनी आणि रोज पडणाऱ्या रक्तानं मी नुसता हाडांचा राहिलो होतो. पोटावरची पिशवी पाहून रेणू कोपऱ्यात रडत बसायची आणि तू सिस्टरला म्हणालीस, "मले दाखवा, मी शिकतो." पहिल्यांदा पिशवी बदललीस तेव्हा तुझं तोंड फडक्यानं बांधलेलं होतं आणि वरून मला विचारत होतीस, "लेका, दुखते का?" मग डॉक्टरांनी लहान आतड्याचीच घडी घालून आत एक थैली शिवली, काही महिन्यांनी पोटावरची पिशवी काढली आणि मी परत चार माणसांसारखा जाऊ लागलो. तू अनसिंगला पेढे वाटलेस. बसच्या कंडक्टरलासुद्धा दिलास, तो बिचारा तिकिटाच्या पैशांऐवजी देतेस असं समजून नको म्हणत होता.

ताई, त्या थैलीचं तोंड आक्रसलं आहे.

जिथं ती खाली जोडली तिथं वण धरला. आपल्या बाबांची पानाची चंची आठव, नाडी ओढली की तोंड बारीक व्हायचं. तसं. आत भरलेलं असतं आणि बाहेर येत नाही. जावं लागतं, बसावं लागतं, थोडंसं होतं, उठावं, की परत जावंसं वाटतं. पोट नगाऱ्यासारखं फुगतं. जोर केला तर वण आणखी सुजतो. घाईत तर काहीच होत नाही. कुणी दार वाजवलं की संपलंच. रिसोडच्या बाजाराला मी कितीतरी दिवसांत गेलेलो नाही. बसमध्ये बसायचं म्हटलं की वाटेत कुठं उतरता येईल तेच आधी मोजतो. हरभऱ्याचा घाटा नाही, मक्याचं कणीस नाही, अंबाडीची भाजी नाही. मऊ भात, पातळ वरण, दही, केळं. जनावरापेक्षा जास्त रवंथ करून मी जेवतो. पुरणपोळीच्या वासानं डोळ्यांत पाणी येतं ते वेगळंच.

साक्षगंधाला हेच झालं. तुझ्या घरामागं आधीच बायांची रांग आणि पंगतीत माझ्या पोटात कळ. मी गावाबाहेरच्या तुरीत जाऊन बसलो होतो. व्याह्यांना काय सांगणार होतो?

दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी भूल देऊन तोंड रुंद करून दिलं. मला वाटलं, सुटलो. परत आक्रसलं. मग त्यांनी एक स्टीलची गुळगुळीत कांडी दिली, बोटाएवढी. म्हणाले, जेली लावून रोज घरी स्वतःच आत घालायची, थोडा वेळ ठेवायची, म्हणजे तोंड उघडं राहील. नाही राहिलं तर पोटावर पुन्हा पिशवी, आणि ती कायमची. मी कांडी टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवली आहे. हात धजत नाही. इतक्या जणांचे हात तिथं लागून गेले, मला लाज वाटायची राहिली नाही असं वाटत होतं, पण स्वतःच्या हाताची लाज वाटते. हसू नको.

तुला काय म्हणून सांगायचं? पेढे परत माग म्हणून?

म्हणून म्हणतो, उकंडाला उभा कर. अंतरपाट धरलेला आहे, भटजी म्हणताहेत, आणि नवरीचा मामा मधूनच पळत सुटतो, असं पोरीच्या लग्नात नको. सासरचे, मंगरूळपीरचे लोक जन्मभर तिला तेच ऐकवतील. माझं काय व्हायचं ते होवो, तिच्या डोक्यावर अक्षता नीट पडू दे.

जगदेव


रिठद, २३ मार्च

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा शिव्या मोजायला, दुसऱ्यांदा रेणूला ऐकवायला आणि तिसऱ्यांदा असंच. तू बोलतेस तसंच लिहितेस, त्यामुळं वाचताना तू अंगणात उभी आहेस असं वाटतं. रेणूनं एक ओळ पाठ करून ठेवली आहे आणि ती मला सकाळ-संध्याकाळ ऐकवते: "पेढे मी माहा भाऊ वाचला म्हनून वाटले, त्याच्या थैलीचं बारसं म्हनून नाही वाटले, गधड्या!"

आणि उकंडाला तू कधी सांगितलंच नव्हतंस म्हणे. "थो मांडवात बिडी पेते आन् नवरीवर राख सांडते. उभा राहाशीन तं तूच राहाशीन. नाही तं पोरगी बिनमामाची उभी करीन." अशी दमदाटी तुलाच जमते.

तर ऐक. कांडी पेटीतून काढली.

पहिल्या दिवशी न्हाणीत गेलो, कडी लावली, पाणी तापवून घेतलं, जेली लावली आणि उभा राहिलो. नुसता उभा. रेणू दाराशी. "झालं का?" "नाही." "कराव लागते, मांगं-पुढं पाहून थे आपोआप नाही जात." "तू जा ना तिकडं." "मी जातो, पन मंग ताईले फोन लावून इथं बसवतो." या धाकानं झालं एकदाचं. दुखलं, रक्ताचा एक थेंब दिसला आणि मी घाबरून बाजेवर आडवा झालो. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, थोडं चालतं, सावकाश करा, श्वास सोडता सोडता करा. सोडता सोडता! आपल्याला आयुष्यभर दम धरायलाच शिकवलं आहे.

आता हात बसला आहे. कधी सोपं जातं, कधी नाही. मधले दोन दिवस कंटाळून केलं नाही तर लगेच फरक पडला, तेव्हापासून खाडा नाही. परवा हळद शिजवायला कढईजवळ बसलो तो दुपार कलेपर्यंत उठलो नाही. रेणूनं हे पाहिलं आणि काही न बोलता मला आणखी दही वाढलं. तिच्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे.

नागपूरला जाऊन आलो. डॉक्टरांनी बोट घालून पाहिलं, म्हणाले, बरं आहे, पण मी अजून काही बोलणार नाही. आखाजीच्या सणानंतर या, मग ठरवू, कांडी की पिशवी. म्हणजे लग्न आधी आणि निकाल नंतर.

संडासाचं तू जे केलंस ते वाचून मी एकटाच हसलो. घरामागच्या संडासाला कुलूप, चाबी माझ्या खिशात, आणि "नवरदेवाच्या बापाले बी देऊ नको". पाहुण्यांसाठी शाळेकडचे दोन मोकळे करून घेतलेस, भाऊजींनी चुना मारला, हे सगळं माझ्यासाठी. व्याह्यांना काय सांगितलंस ते लिहिलं नाहीस. बरं झालं.

मी उभा राहीन. आदल्या दिवसापासून फक्त पातळ पेज आणि मीठ-साखरेचं पाणी घेईन. पण एक ऐक, कुणाला काही सांगू नको. योगिनीलासुद्धा नाही. माझं पोट खराब आहे एवढंच ठीक. वेळ आली तर मी गुपचूप जाईन, गुपचूप येईन. मला फक्त हीच भीती आहे की वेळ नेमकी तेव्हाच येईल.

हळदीचं गाठोडं भाऊजींकडं देतो.

तुझा गधडा,
जगदेव


रिठद, लग्नानंतरचा शनिवार

ताई,

तू म्हणशील, आता पत्र कशाला, चार दिवस तर तुझ्याच घरी होतो. पण तिथं तू एका जागी बसलीस कधी? पोरगी सासरी गेली तशी तू भांडी मोजायला बसलीस, आणि रडायचं असलं की तू भांडीच मोजतेस, म्हणून मी मधे बोललो नाही. शिवाय तुला अर्धीच गोष्ट माहीत आहे. दाराच्या बाहेरची. आतली मी सांगतो.

नवरदेवाची वरात वेशीपासून मांडवापर्यंत यायला केवढा वेळ लागला, तू पाहिलंसच. डीजे, धूळ, पवनचे मित्र जमिनीवर लोळून नाचत होते. सगळ्या पाहुण्यांच्या तोंडाला कोरड पडली, मुहूर्त कधीच टळून गेला आणि माझं पोट मात्र शहाण्यासारखं शांत होतं. मी मनात म्हटलं, जगदेव, जिंकलास. नवरदेव स्टेजवर चढला, मी योगिनीला मांडवात आणलं, तिच्या मागं उभा राहिलो, आणि कळ आली.

चाबी खिशात होती. मी गेलो. कुणी पाहिलं नाही असं मला वाटलं.

आत बसलो आणि काहीच होईना. बाहेर अक्षता वाटल्याचा आवाज, बँड थांबल्याचा आवाज. थैली दगडासारखी घट्ट. जितकी घाई करावी तितकं ते तोंड आवळून येत होतं. मग भटजी माइकवर म्हणाले, "नवरीचे मामा कुठं आहेत?" परत म्हणाले. मग कुजबुज. कुणीतरी म्हणालं, "उकंडाले उभा करा ना, वेळ कायले घालोता?" ताई, मी तिथं बसून रडलो. पन्नाशीचा माणूस, धोतर खांद्यावर टाकलेलं, आणि बादलीला धरून रडतो आहे. वाटलं, डॉक्टरांनी उद्याच पिशवी लावावी. नाही तर लावूच नये, असंच संपावं.

आणि तुझा आवाज आला. भोंगा नेमका संडासावरच्या कडुनिंबाला बांधला होता, हे तुला माहीत होतं की नाही, देव जाणे. तू माझ्या कानातच बोलत होतीस.

"मंगरूळच्या पाव्हन्यांनो, ऐका. तुमची वरात नाचत होती तवा आमी उन्हात उभे राह्यलो. काही बोल्लो का? आता तुमी थांबा. नवरीचा मामा संडासात हाये. त्याच्या पोटाचं मोठं आपरेशन झालं, त्याले घाई जमत नाही. पोरीच्या मांगं थोच उभा राहीन, दुसरा कोनी नाही. थो येईस्तोवर मी अंतरपाट धरू देनार नाही." आणि मग जरा थांबून, "बँडवाले, तुमी वाजवा. त्याले असं नको वाटाले का सारे आयकून राह्यले."

पहिल्यांदा मला धरणी फाटावी असं वाटलं. एवढ्या जपून ठेवलेल्या गोष्टीची तू दवंडी पिटलीस. मग बँडनं वाजवायला सुरुवात केली. माझ्यासाठी. आणि मला एकदम कळलं की आता कुणी दार वाजवणार नाही. लपवायचंच काही उरलं नव्हतं. सगळ्या मांडवाला माहीत होतं मी कुठं आहे आणि काय करतो आहे. मी श्वास सोडला. ताई, ती थैली उघडली. कांडीनं होत नाही तशी उघडली. पोट हलकं झालं आणि मी तिथंच हसायला लागलो.

बाहेर आलो तेव्हा मान वर करायची हिंमत नव्हती. पवनची आजी वाटेतच बसली होती, ती म्हणाली, "सावकाश ये बापू, आमाले काई गाडी नाही धराची." पवननं मुंडावळ्यांतून पाहिलं आणि पोरगा खरंच हात जोडून हसला. मी योगिनीच्या मागं जाऊन उभा राहिलो. तिनं मागं न वळता विचारलं, "मामा, बरं वाटते का आता?" मी म्हटलं, "बरं वाटते." "मंग करू द्या सुरू," असं तिनं भटजींना सांगितलं. पुढचं सगळं मला धूसर दिसलं, पण मी शेवटच्या अक्षतेपर्यंत हललो नाही.

एवढं तुला सांगायचं होतं, आणि आणखी एक.

पहिली पंगत उठल्यावर मी मांडवाच्या कडेला खुर्चीवर पेज पीत बसलो होतो. व्याही आले. तेच ते, मिशांवरून हात फिरवणारे, ज्यांच्या शेजारून मी साक्षगंधाला उठलो होतो. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते खुर्ची ओढून बसले. जवळपास कुणी नाही असं पाहून घेतलं. मग म्हणाले, "जगदेवराव, तुमाले सुरवातीले काय झालतं? रक्त पडत होतं का?"

मी म्हटलं, "हो."

"मले बी पडून राह्यलं. दोन साल झाले. घरात कोनालेच मालूम नाही. पवनच्या मायले बी नाही. मूळव्याध असंन म्हनून मी मेडिकलमधून गोळ्या आनतो आन् खातो." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "त्या डॉक्टरचा पत्ता देता का?"

मी म्हटलं, पत्ता कशाला, मलाही आखाजीनंतर दाखवायचंच आहे, सोबतच जाऊ. बसचं भ्यायचं काम नाही, ती कशी गाठायची आणि वाटेत कुठं कुठं उतरता येतं, ते सगळं मला पाठ आहे. माझं काय ठरेल ते मला ठाऊक नाही. पिशवी म्हणाले तर पिशवी. मागच्या महिन्यात हे इतक्या सहज लिहिता आलं नसतं, आज येतं. त्यांचं मात्र वेळेत दाखवलं जाईल.

घरी सांगा म्हटलं तर सांगतो म्हणाले, आधी डॉक्टरला दाखवतो मग. "माह्या ताईले तरी सांगू का?" मी विचारलं. "तिले सांगतलं का मानसाले बरं वाटते."

त्यांनी मान वळवून पाहिलं. तू तेव्हा भाताच्या पातेल्याजवळ उभी राहून वाढप्यांना झापत होतीस, आवाज पार वेशीपर्यंत जात होता.

"सांगा," म्हणाले. "पन भोंग्यावर नका बोलू म्हना."

तुझा,
जगदेव